भटवाडीतलं फर्मवेअर

८ सप्टेंबर, सोमवार

गाइडमध्ये पहिलीच सूचना आहे: काय काय केलं ते लिहून ठेवा, म्हणजे बिघडलं तर कुठे बिघडलं ते सांगता येईल. म्हणून ही डायरी. जानेवारीत कुठल्याशा औषध कंपनीचा माणूस लॅबमध्ये वाटून गेला होता, तेव्हापासून कोरीच पडली होती.

तर नोंद: आज काहीच केलं नाही. नुसतं वाचलं.

हे काय खूळ आहे ते आधी लिहिते, नाहीतर पुढे मलाच वाटेल ही बाई काय बरळतेय. सुशांतकडे आणि माझ्याकडे एकेक कन्सोल आहे, हातात धरून खेळायचा, डबीसारखा उघडणारा. त्याने लग्नाआधी दोन्ही सेकंडहँड घेतले होते. भटवाडीतलं आमचं घर वन रूम किचन. बाहेर बाबा, म्हणजे माझे सासरे, आणि आत ओट्याखाली पाय पसरून आम्ही. मध्ये नुसता पडदा. नवीन लग्न झालेल्या माणसांनी तिथे बोलायचं काय आणि भांडायचं काय, कपाळ? मग आम्ही गाड्यांच्या शर्यती खेळायचो. तो एका भिंतीला टेकून, मी दुसरीला. तोंडातून अक्षर नाही. रागावला असेल तर माझी गाडी मुद्दाम दरीत ढकलायचा. लाडात असेल तर पुढे जाऊन थांबायचा. आमचा अर्धा संसार त्या डबीत झालाय.

आता तो दोहाला आहे, एसीच्या कामावर सुपरवायझर. जाताना म्हणाला होता, सेटल झालो की तुला बोलावतो. फोनवर धड बोलणं होत नाही. कधी आवाज जातो, कधी तो दमलेला असतो. मी म्हटलं, आपण ऑनलाइन खेळूया ना पहिल्यासारखं. तर म्हणाला, कंपनीने या जुन्या कन्सोलची ऑनलाइन सेवाच बंद केली. हौशी लोकांनी आपला वेगळा सर्व्हर उभा केलाय, पण त्यावर जायचं तर कन्सोलच्या आतला कंपनीचा मेंदू, म्हणजे फर्मवेअर, बदलून दुसरं टाकावं लागतं. "मी केलंय माझ्यावर. तुला नाही जमायचं गं, डोक्याला ताप आहे. बघ ट्राय करून." आणि लिंक पाठवली.

तुला नाही जमायचं म्हणे! दिवसभर साकीनाक्याच्या लॅबमध्ये लोकांच्या रक्ताचे रिपोर्ट टाइप करते मी. एक टिंब इकडचं तिकडे झालं तर माणूस घाबरून मरेल. अजून चूक झालेली नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

मेमरी कार्ड फॉर्मॅट केलं. फाइली उतरवल्या. गाइड इंग्रजीत आहे आणि दर चार ओळींनी लाल अक्षरात धमकी: मध्येच बॅटरी संपली तर कन्सोल 'ब्रिक' होईल. ब्रिक म्हणजे वीट. चालू होत नाही, नुसतं वजन उरतं. मी चार्जर लावूनच बसते.

बाबा खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. टीव्ही लावला नाही, पेपर वाचला नाही, नुसते बघत होते. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं मी विसरले म्हणून असेल. भात गिच्च झाला.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सुशांतची सुट्टी शुक्रवारी असते. फोन केला, उचलला नाही. दुपारी मेसेज आला, "ओव्हरटाइम." बिचारा. सुट्टीच्या दिवशीसुद्धा बोलावतात. मी विचारलं की फाइली कार्डात नेमक्या कुठे टाकायच्या. "गाइडमध्ये आहे सगळं."

खरंच आहे म्हणा.

२० सप्टेंबर, शनिवार

वाट लागली. बटणं दाबून धरली, सुरू केलं, आणि काळा पडदा. बंद केलं, परत सुरू केलं, तर जुनं सगळं दिसलं. म्हणजे वीट झालेली नाही, पण नवीन काही शिरलंही नाही. तीनतीनदा वाचून काढलं. मी कुठे चुकले?

बाबांनी विचारलं, "काय गो, बंद पडला काय ता?" ते मालवणीतच बोलतात. मी मुंबईत वाढलेली, मला समजतं, पण जीभ वळत नाही. म्हटलं, "नाही बाबा, होईल." "त्याच्यात सुशांत येतलो ना?" मी म्हटलं हो, येणार. उगाच कोण समजावत बसेल.

खाली शेजारच्या सुनंदाकाकू भेटल्या. "काय मग, व्हिसा आला की नाही?" यांना दुसरा विषय नाही. मी हसून म्हटलं, येईल दिवाळीनंतर. हे दिवाळीनंतरचं मी आपलंच ठोकून दिलं. सुशांत तसं काही म्हणाला नाहीये.

२३ सप्टेंबर, मंगळवार

चूक सापडली. फाइली मी एका फोल्डरात नीट लावून ठेवल्या होत्या, माझ्या सवयीप्रमाणे, नाव-बिव देऊन. त्या तशाच उघड्यावर ठेवायच्या असतात, कार्डाच्या अगदी वरच्या थरात. फोरमवरच्या एका माणसाने सांगितलं. कुठला आहे, कोण आहे, देव जाणे. माझा प्रश्न टाकल्यावर दहा मिनिटांत त्याचं उत्तर. खाली लिहिलं होतं, "काळजी करू नका, सगळ्यांचं पहिल्यांदा हेच होतं."

मी ते वाक्य मेट्रोत परत परत वाचत बसले. रडूच यायला लागलं. एवढं काय त्यात? काळजी करू नका असं खूप दिवसांत कोणी म्हटलं नव्हतं, एवढंच.

२८ सप्टेंबर, रविवार

झालं! झालं, झालं, झालं! जुन्या मेंदूची कॉपी काढून ठेवली, नवीन टाकला, पडदा लुकलुकला आणि उघडला. मी एवढ्याने ओरडले की बाबा हातातली कपबशी ठेवून आत आले. मी म्हटलं, "जमलं, बाबा!" त्यांनी वाकून बघितलं. त्यांना दिसलं काय तर इंग्रजीत चार ओळी. तरी म्हणाले, "बरां झाला."

सुशांतला फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला. नंतर, "अरे वा, सॉलिड." मी लिहिलं, शुक्रवारी खेळायचं ना? "बघू, काम काय आहे त्यावर."

सर्व्हरवर नाव नोंदवायचं बाकी आहे. शुक्रवारपर्यंत आरामात होईल. बघू म्हणाला, पण त्याचं तसंच असतं. लग्नाला होकार देतानाही बघूच म्हणाला होता.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

सकाळी उठून बघते तर देव्हाऱ्यासमोर पाट मांडलेला. दरवर्षीप्रमाणे बाबांचा मिलमधला विणकामाचा हूक, छोटी कातर, घरातली पकड, मिक्सर. आणि या सगळ्यांच्या मध्ये माझा कन्सोल! उघडा करून, ओल्या कुंकवाची बोटं ओढलेली, वर झेंडू. मी रात्री कार्डाचं झाकण उघडंच टाकून झोपले होते, तसाच उचलून नेलेला.

मला कळायचं ते कळलं. टोमणा आहे हा. सून कामावरून येते आणि डबी घेऊन बसते, म्हणून तिची डबी हत्यारांत. सरळ बोलायचं ना मग. सोनं वाटलं, पाया पडले, श्रीखंड वाढलं. दुपारी कन्सोल उचलून पुसला आणि कपाटात ठेवला. सणाच्या दिवशी कशाला तोंड वाजवा.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

लॅबमधून धावत आले. सुरू केलं. "कार्ड सापडत नाही." कार्ड आतच आहे! काढलं, घातलं, काढलं, घातलं. सापडत नाही. कार्डाशिवाय नवीन मेंदू चालत नाही.

फोरमवर विचारलं. त्या माणसाने विचारलं, पडला होता का? पाणी-बिणी गेलं का? मी लिहिलं, छे हो, कपाटात होता. मग म्हणाला, एखादी पायरी अर्धवट राहिली असेल, पहिल्यापासून वाचा. परत वाचत बसले. माझंच काहीतरी चुकलंय. सुशांत म्हणाला होता तेच खरं, नाही जमायचं मला.

त्याला कळवलं की आज होणार नाही. लगेच उत्तर आलं, "नो टेन्शन. आरामात कर." किती समजूतदारपणे म्हणाला. मीच उगाच घाई करते.

६ ऑक्टोबर, सोमवार

आज लॅबमध्ये बसल्या बसल्या माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वाटेत काही सुचेना इतकी रागावले होते. घरी येऊन टॉर्च मारून बघितलं, तर कार्डाच्या खाचेत लालेलाल. कुंकू! ओलं कुंकू आत ओघळून वाळून बसलेलं, पितळी टोकांवर पापुद्रा.

मी बाबांवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. "कोणी सांगितलं होतं तुम्हाला हात लावायला? टोमणा मारायचा तर तोंडाने मारायचा!"

ते गडबडले. उभेच राहिले. "टोमणो? कसलो टोमणो गो? दसऱ्याक हत्यारां पुजूक नको? तुजा हत्यार ना ता. रोज घेऊन बसतंस, डोळे फोडतंस. आमच्या मिलात मशिनीक कुंकू लावल्याबिगर पट्टो फिरवीत नसत. म्हटला, हिचा काम नीट होवंदे."

मी तिथेच खाली बसले. लाज म्हणजे किती लाज वाटावी! मी बसून वाटेल ते मनात रचत होते आणि या माणसाने माझ्यासाठी देवापुढे पाट मांडला होता. माझ्या कामाला काम म्हणणारा घरात, दारात, दोहात दुसरा कोणी नाही. सॉरी म्हटलं तर म्हणाले, "ह्या पुसूक येता काय बघ आदी."

लॅबमधले स्पिरिटचे बोळे पर्समध्ये असतातच. बाबांनी टॉर्च धरला. मी काडीला बोळा गुंडाळून एकेक टोक पुसलं. अर्धा तास लागला असेल. कार्ड घातलं. सापडलं.

चहा त्यांनी केला. साखर जास्त होती. मी दोन कप प्यायले.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

लिहायला हात उचलत नाही, पण लिहिते.

सर्व्हरवर नाव नोंदवून झालं होतं. सुशांतला सकाळी कळवलं की सगळं तयार आहे, आज संध्याकाळी. "आज पण ओव्हरटाइम गं. बहुतेक नाही जमणार." ठीक आहे म्हटलं. मग निदान चालतंय की नाही ते तरी बघावं, म्हणून लॅबमधून आल्यावर सुरू केलं.

बाबांनी दाढी केली होती. इस्त्रीचा शर्ट. मला वाटलं भजनाला निघालेत. पण खुर्ची माझ्या शेजारी घेतली आणि केसांवरून हात फिरवून बसले.

ऑनलाइन झाले. मित्रांची यादी उघडली. यादी कसली, त्यात एकच नाव, सुशांतचं, जुन्या दिवसांतलं. नावासमोर ठिपका. आपला माणूस ऑनलाइन असेल तर तो हिरवा असतो. हिरवा होता. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं: शर्यत चालू, खेळाडू सहा.

मला आधी आनंदच झाला. मूर्ख मी. वाटलं, ओव्हरटाइम लवकर सुटला, मला सरप्राइज देतोय. त्याच्या शर्यतीत शिरायचं बटण दाबलं. "थोडा वेळ थांबा" आलं. त्याच्या पडद्यावर माझं नाव दिसलं असणारच, ते दिसतंच. आणि ठिपका विझला. नाव करडं झालं. बाकीचे पाच जण खेळत राहिले.

मी तशीच बसून राहिले. परत लागेल म्हणून. नेट गेलं असेल म्हणून. लागला नाही.

बाबा पुढे वाकून म्हणाले, "इलो काय? माका दिसतलो काय तो त्याच्यात?"

तेव्हा कळलं दाढी कशासाठी. त्यांना वाटत होतं व्हिडिओ कॉलसारखं सुशांतचं तोंड दिसणार. इतके दिवस समोर खुर्ची टाकून बसायचे ते त्यासाठी. आणि मी भाताचा विचार करत होते.

"नेट गेलं, बाबा," मी म्हटलं. अगदी सुशांतच्याच सुरात.

११ ऑक्टोबर, शनिवार

मेसेज: "सॉरी यार, काल दिवसभर साइटवर होतो. फोन पण बघितला नाही. तुझं झालं का चालू?"

खूप टाइप केलं. सगळं खोडलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

जिन्यात जाऊन फोन केला, बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून. उचलला.

"शुक्रवारी कुठे होतास?"

"सांगितलं ना, साइटवर."

"सुशांत, मी बघितलं तुला. मी आल्यावर तू गेलास."

मग म्हणाला, "तसं नाही गं. दिवसभर साइटवर माणसं, रूमवर माणसं. सगळ्यांची कटकट. तेवढा एक तास डोकं रिकामं करतो. तेव्हा कोणाशी बोलायची ताकद नसते."

"बोलणार कोण होतं? आपण खेळताना कधी बोललोय?"

"अक्षू, विषय वाढवू नको ना," म्हणाला. दुसरी बाई असती तर बरं झालं असतं, तिला दोन शिव्या तरी घातल्या असत्या. इथे कोणीच नाही. त्याला नुसती मी नको आहे.

मी विचारलं, "मला बोलवणार आहेस का तू तिकडे? खरं सांग."

"बघू."

आज मी ते नीट ऐकलं. लग्नाच्या वेळच्या 'बघू'त हसू होतं. यात नव्हतं. यात तो, मी फोन कधी ठेवतेय, याची वाट बघत होता. मी ठेवला. जिन्यात बसून पोटभर रडले. वरून सुनंदाकाकू कचरा टाकायला उतरल्या, मला बघून परत वर गेल्या. पहिल्यांदाच काही विचारलं नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार, वसुबारस

समोरच्यांच्या गॅलरीत कंदील लागलेत. आमच्याकडे अजून काही नाही. मी आता सुशांतसाठी कन्सोल उघडणार नव्हतेच. पण शिकलेय एवढं तर वाया का घालवा? संध्याकाळी अनोळखी लोकांबरोबर शर्यत लावली. कोण कुठला, काय माहीत, पण एकाने मला ढकललं, मी त्याला ढकललं, आणि चक्क हसू आलं. बाबा शेजारी होतेच.

शर्यत संपली आणि वर चौकोन आला: सुशांत तुम्हाला बोलावतोय. खरंच! त्याने स्वतःहून. मन खात असेल त्याचं त्याला. महिनाभर ज्याच्यासाठी डोळे फोडले ते समोर होतं, नुसतं 'हो' दाबायचं होतं. दाबलं. पडद्यावर त्याची निळी गाडी आली, माझी पिवळी. दोघंच. आणि माझ्या लक्षात आलं की मला खेळायचं नाहीये. तो माझ्यावर उपकार करत असताना तर मुळीच नाही.

मी कन्सोल बाबांच्या हातात दिला. "घ्या. तुमचा झील." 'मुलगा' म्हणायच्या ऐवजी त्यांचाच शब्द तोंडात आला.

"खय?"

"ती निळी गाडी."

त्यांनी चष्मा चढवला. अंगठा कुठे ठेवायचा ते मी दाखवलं. शर्यत सुरू झाली आणि पिवळी गाडी सरळ भिंतीत. मग उलटी. मग गवतात गोल गोल. निळी गाडी पुढे गेली होती, ती वळून परत आली. शेजारी थांबली. हॉर्न वाजवला. हळूच मागून धक्का दिला, रस्त्यावर आणायला. बाबा गाडी चालवायचं सोडून बोटाने पडद्यावर त्या निळ्या गाडीला हात लावत होते. "होच ना सुशांत? बरो दिसता." मग तोंड कन्सोलजवळ नेऊन मोठ्याने, "जेवलंस काय रे?"

मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले.

शर्यत कशीबशी संपली. तो गेला. थोड्या वेळाने माझ्या फोनवर मेसेज: "काय गं, चालवायला विसरलीस की काय? पण मजा आली. सॉरी त्या दिवसाचं. पुढच्या शुक्रवारी?"

लिहिलं: "मी नव्हते. बाबा होते. तू जेवलास का विचारत होते. त्यांना फोन कर."

दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे वाचलं. पलीकडे लिहितोय असं दिसलं, मग थांबलं, मग परत. काही आलं नाही.

बाबांना सांगितलं की सुशांत फोन करेल बहुतेक. सांगायला नको होतं. तेव्हापासून त्यांनी पंखा बंद केलाय, घरघरीत रिंग ऐकू यायची नाही म्हणून. ऑक्टोबरचा उकाडा, खिडकीत वाऱ्याचा पत्ता नाही, दोघंही घामाने निथळतोय. मी वाट बघत नाहीये. फोन आला तर तो बाबांचा आहे, माझा नाही. माझाच मोबाइल चार्जिंगला लावून मी मांडीवर ठेवलाय. पंखा लावू का विचारलं, तर बाबांनी नुसता हात वर केला, थांब म्हणून.